आ करा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ऑर्डर हातात घेऊन ऑफिसात शिरले, तेव्हा मोठ्या बाई खिडकीशी उभ्या राहून चौथीतल्या एका मुलाच्या तोंडात बघत होत्या. मान न वळवताच त्यांनी विचारलं, "नवीन का?" मी हो म्हटलं. त्यांनी मुलाला सोडलं, माझ्या हातातला कागद घेऊन न वाचताच पेपरवेटखाली सारला आणि म्हणाल्या, "आ कर."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"आ कर, आ. तोंड उघड."

मी इंदापूरहून दोन गाड्या बदलून आले होते. घरातून निघताना आईनं सांगितलं होतं, मोठ्या बाई म्हणतील ते ऐकायचं, उलट बोलायचं नाही. मी तोंड उघडलं. त्यांनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडं फिरवला.

"वरचं बरं हाय. खाली आतल्या अंगानं घासत न्हाईस." मग ड्रॉवरमधून एक गुलाबी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "चाव. गिळू नको. जिभेनं सगळीकडं फिरव आन् भाईर जाऊन थुंक."

परत आले तर त्यांनी आरसा पुढं केला. माझ्या खालच्या दातांच्या मुळाशी गडद गुलाबी रेघ उमटली होती, जणू कुणी स्केचपेनानं ओढलेली. "स्वच्छ जागी ही बसत न्हाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "जितं थर साठलाय तितंच बसती. आमच्या घरात ब्रश हाय म्हणून सगळे सांगत्यात. गोळी खरं सांगती."

आमच्या घरी चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळ्यांना नवे कपडे आणि नवे ब्रश यायचे, याचा मला तोवर अभिमान होता. तो तिथं संपला. गुलाबी दातांनीच मी तिसरीचा पहिला तास घेतला. मुलं अजिबात हसली नाहीत. नवीन बाई आल्या की पहिल्या दिवशी गुलाबी असतात, हे त्यांना माहीत होतं.

शाळा कोऱ्हाळे बुद्रुकच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. मोठ्या बाई बारामतीहून स्कूटरवर यायच्या. उंच, काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली रुमाल. स्कूटरच्या हुकाला एक पिशवी. तीत पट्टी, खडू, शाळेच्या किल्ल्या आणि मुलांसाठी आणलेले कोरे ब्रश. नकाशे ठेवायचं कपाट त्यांनी ब्रशांसाठी रिकामं केलं होतं. महाराष्ट्राचा नकाशा गुंडाळून कपाटावर पडलेला आणि आत प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेले ब्रश ओळीनं उभे. भूगोलाचं काय, असं एकदा मी विचारलं. "महाराष्ट्र कुठं जात न्हाय," त्या म्हणाल्या.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती तोंडावरून. नावं राहत नसत. पालक भेटायला आले की त्या माझ्या कानाशी येऊन विचारायच्या, "हा कोण? ती सुळा आडवा आलेल्या पोरीचा बाप का?" आणि बाप तोच निघायचा. गावातल्या लग्नाला गेल्या की मांडवात बसून नवरीच्या हिरड्यांची काळजी करायच्या. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला अक्षता पडायच्या आधी सांगितलं, की तुमची उजवी दाढ काढून घ्या, वास मला हितं येतोय. मामा रुसला. मामाची समजूत पटेपर्यंत मुहूर्त टळला.

आमच्या भागात माणसाची किंमत उसावर ठरते. किती एकर, कुठल्या कारखान्याला, पहिली उचल काय मिळाली. मुलं दप्तरात वहीबरोबर उसाचं कांडं घेऊन येतात. घरी पाहुणा आला की चहात साखर कमी पडली तर तो गावभर बोलतो. अशा ठिकाणी दातांचा विषय काढणं म्हणजे लोकांना त्यांच्या भाकरीवरून बोलणंच. पण मोठ्या बाईंनी लोकांच्याच भाषेत एक वाक्य बसवलं होतं, आणि ते त्या पालकसभेत दर वेळी म्हणायच्या. "देवानं दात दोन हप्त्यात दिल्यात. दुसरा हप्ता शेवटचा. तिसऱ्यासाठी कारखान्यावर मोर्चा काढून उपयोग न्हाय." लोक खूश व्हायचे, टाळ्या वाजवायचे आणि बाहेर जाऊन गुटख्याची पुडी फोडायचे.

वाढदिवसाला चॉकलेट वाटायला त्यांनी बंदी घातली होती. पेरू चालेल, काकडी चालेल. गावातल्या एका बड्या बागायतदारानं मुलाच्या वाढदिवसाला चॉकलेटचा मोठा डबा पाठवून दिला. मोठ्या बाईंनी डबा कुलपात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बागायतदाराला बोलावून परत दिला. वर म्हणाल्या, "आता आलाच हाय तर आ करा." ते त्यानंतर शाळेच्या फाटकातून आत आले नाहीत. मुलाला सोडायला आले की जीप लांबच थांबवत.

एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. हजेरी पाहिली, पोषण आहाराचे तांदूळ पाहिले, दोन मुलांना पाढे विचारले. चहा झाल्यावर मोठ्या बाईंनी बशीतून गुलाबी गोळी पुढं केली. त्यांना वाटलं, बडीशेपेची असेल. चावली. मोठ्या बाईंनी आरसा दिला. अधिकारी बराच वेळ आरशात बघत राहिले. गुटख्यानं आधीच तपकिरी झालेले दात आता कुठल्या रंगाचे म्हणावे हे त्यांनाही कळेना. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, "शालेय परिसर स्वच्छ. मुख्याध्यापिका उत्साही आहेत." पुढच्या तपासणीला ते तोंडापुढं रुमाल धरून आले आणि चहा घेतला नाही.

हे सगळं का, याच्या गावात पुष्कळ गोष्टी होत्या. कुणी म्हणे, दातांवरून त्यांचं लग्न मोडलं. कुणी म्हणे, वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले. मी एकदा धीर करून विचारलं. त्या खडूचा हात झटकत म्हणाल्या, "तू रोज घर झाडतीस का न्हाय? मग तुला कोण इचारतं का, तुझं कोण गेलं म्हणून?"

शाळेत त्यांच्या हाताखाली न येणारं एकच तोंड होतं, आणि ते खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं. मावशी पन्नाशीच्या, ठेंगण्या, हाताला चव असलेल्या. सकाळी चूल पेटली की त्या पायरीवर बसत, कमरेची डबी काढत आणि मिश्री लावत. डाव्या हाताच्या बोटानं दातांवरून, मग हिरड्यांवरून, मग थोडी गालात तशीच ठेवून डाळ धुवायला घेत. मोठ्या बाई समोर उभ्या राहून बघत.

"मावशी, तंबाखू हाय ती."

"व्हय की."

"जाळलेली असली तरी तंबाखूच."

"व्हय. पर तिच्याबिगर माझी खिचडी शिजत न्हाय."

हा संवाद मी रोज ऐकला. मावशींना राग म्हणून यायचा नाही. दर शनिवारी त्या मोठ्या बाईंसमोर आ सुद्धा करायच्या, पण डबी सोडायच्या नाहीत. एक दिवस मोठ्या बाईंनी फारच लावून धरलं तेव्हा मावशी डाव खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, तुमी पोरांना जेवल्यावर घासायला सांगता. पाणी कुठं हाय? टाकीतलं माझ्या खिचडीलाच पुरंना. पोरं वंजळीभर पाण्यात चूळ भरत्यात आन् ब्रश कपाटात नुसते उभे. आधी पाणी आणा. ज्या दिवशी पोरं नळाखाली दात घासतील त्या दिवशी मी मिश्री सोडीन. शब्द हाय माझा."

मावशींना खात्री होती की नळ काही येत नाही. मोठ्या बाई मात्र त्याच दुपारी स्कूटर काढून ग्रामपंचायतीत गेल्या.

सरपंच आबा. त्यांच्या आधीचे सरपंच तात्या. एकाच भावकीतले, आणि गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या दारावरून जायला लागू नये म्हणून दोघंही कॅनॉलच्या बांधावरून लांबून फिरणारे. मोठ्या बाई आधी आबांकडं गेल्या. आबांनी पंचायतीतून पाइप आणि टाकी देतो म्हणून सांगितलं. हे कळल्यावर तात्यांनी स्वतःहून निरोप धाडला की नळ, फरशी आणि बेसिन आमच्याकडून. मोठ्या बाईंना वाटलं, काम फत्ते. काम खरंच झालंही. शाळेच्या मागच्या भिंतीला पांढऱ्या फरशीचा कट्टा, त्यावर नळांची ओळ. मुलं हात लावून बघत आणि पळत.

मग दगड आला.

कोनशिला म्हणायची पद्धत असली तरी गावात सगळे तिला दगडच म्हणत. पहिल्या दगडावर आबांचं नाव वर आणि तात्यांचं खाली होतं. तात्यांच्या माणसांनी तो ट्रॅक्टरमधून उतरूच दिला नाही. दुसऱ्या दगडावर दोन्ही नावं एका ओळीत आली, पण डावीकडं कोण यावर बैठक बसली. बैठकीत बाकीच्यांनीही तोंड उघडलं. उपसरपंच म्हणाले आमचं काय, सदस्य म्हणाले आमी काय मेलोय का, शाळा समितीचा अध्यक्ष म्हणाला की कट्टा शाळेत हाय. नावं वाढली तसा दगड वाढला. दगड मावावा म्हणून भिंतीवरचे कडेचे दोन नळ काढून त्यांची भोकं सिमेंटनं बुजवली. दगड बसला, त्यावर पिवळं कापड पडलं आणि व्हॉल्व्हच्या लोखंडी पेटीला कुलूप लागलं. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली की उद्घाटन.

पाहुणे कोण, हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आबांचे वेगळे होते, तात्यांचे वेगळे. एकाची तारीख मिळाली की दुसऱ्याचा नकार यायचा. दिवाळी गेली, उसाचा हंगाम सुरू झाला, तोडणीला गेलेल्या आईबापांबरोबर कारखान्याच्या साखरशाळेत गेलेली पोरं वर्गात दिसेनाशी झाली, आणि आमची मुलं कोरड्या नळांसमोर रांगेत उभी राहून पूर्वीसारखीच ओंजळीनं चूळ भरत राहिली. मावशी पायरीवर बसून मिश्री लावत आणि कापडाकडं बघून म्हणत, "माझा शब्द हाय बरं का, बाई. नळ चालू होऊ दे."

अशाच एका शनिवारी मावशींनी आ केला. मोठ्या बाईंनी त्यांचा गाल बोटानं बाहेर ओढला, मला जवळ बोलावलं आणि दाखवलं. जिथं मिश्री धरून ठेवायच्या तिथं आतून एक पांढरा चट्टा होता. रुपयाएवढा, खरबरीत, भिंतीला चुना सांडून वाळावा तसा.

"दुखतंय का?"

"न्हाय की."

"तिखट लागतंय?"

"जरा लागतं. वय झालं."

"मावशी, आजच बारामतीला जायचं. माझ्या गाडीवर बसा."

मावशी उठून चुलीकडं गेल्या. "मिश्री चालू असताना डाक्टर मला शिव्या देणार. मी आधी सोडते, मग येते. आन् सोडायचं कधी ते तुमाला सांगितलंय."

मी समजावलं, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेनं समजावलं. पण मावशींच्या हाती एक बहाणा होता, आणि तो त्यांना गावानंच दिला होता. मोठ्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा मला घेऊन आबांच्या घरी गेल्या. आबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"आबा, व्हॉल्व्हची किल्ली द्या. उद्घाटन मागनं करा."

"बाई, नळ काय पळून चाललाय का?"

"मावशीच्या तोंडात चट्टा हाय. नळ सुरू झाल्याबिगर ती दवाखान्यात यायला तयार न्हाय."

आबांनी पेपराची घडी घातली. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "तिला दवाखान्याला काय लागंल ते मी देतो. पर उद्घाटनाआधी पाणी सोडलं तर उद्घाटन कशाचं करायचं? तुमीच सांगा. पाहुणा येणार, कॉक फिरवणार, पाणी येणार, फोटू निघणार. पाणी आधीच वाहत आसंल तर त्यो काय करणार? बघत उभा राहणार?"

तात्यांकडं गेलो. ते म्हणाले, "माझी काय हरकत? पर आधी आबानं व्हय म्हणू दे. मी आधी म्हणलो तर उद्या म्हणत्यात, तात्यानं परस्पर पाणी सोडलं."

परत येताना मोठ्या बाईंनी स्कूटर कॅनॉलच्या पुलावर थांबवली. पलीकडं उसाची गाडी रुतली होती, तिच्याकडं बघत म्हणाल्या, "दातावर थर रोज बसतो. मऊ असतो तवर बोटानंबी निघतो. ठेवला की त्याचा दगड होतो, मग डॉक्टरच्या हत्याराबिगर निघत न्हाय. मी पहिल्या बैठकीलाच बोलायला पाहिजे होतं." मग किक मारली.

सोमवारी खिचडी खाऊन मुलं उठली. मोठ्या बाई स्वयंपाकघरात गेल्या. "मावशी, वरवंटा द्या."

"कशाला?"

"मसाला वाटायचाय."

मावशींना कळलं. त्यांनी वरवंटा धुऊन, पदरानं पुसून दिला. मोठ्या बाई मागच्या भिंतीशी गेल्या. मुलं, आम्ही दोघी शिक्षिका, मावशी, सगळे मागं. पोरांतल्या एकानं पिवळ्या कापडाला हात घातला, तशा त्या वळून म्हणाल्या, "कापडाला हात लावायचा न्हाय. दगड त्यांचा. पाणी आपलं."

कुलूप स्वस्तातलं होतं. दोन घावांत तुटलं. नळातून आधी हवा आली, मग तांबूस गढूळ पाणी, मग स्वच्छ. मुलं ओरडायला लागली तेव्हा मोठ्या बाईंनी हात वर केला आणि ओरडणं थांबलं. पिशवीतून एक कोरा ब्रश काढून त्यांनी मावशींच्या हातात दिला.

मावशींनी आयुष्यात ब्रश धरला नव्हता. त्या तो उलटासुलटा करून बघत राहिल्या. "ह्यो तर म्हशी घासायचा हाय."

"तुमचा शब्द हाय, मावशी."

सगळी शाळा बघत होती. मावशींनी आ केला. पहिल्यांदा ब्रश हिरडीला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण थांबल्या नाहीत. मग मुलांच्या रांगा लागल्या. पुढचा अर्धा तास मागच्या भिंतीशी फेस, पाणी, थुंकण्याचे आवाज आणि मोठ्या बाईंचं "आतनं, आतनं" एवढंच होतं. सगळं झाल्यावर मावशींनी कमरेची डबी काढली आणि मिश्री चुलीत ओतली. डबी मात्र ठेवून घेतली. हळद ठेवायला होईल म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मावशींना बारामतीला नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाई मोठ्या बाईंच्या ओळखीच्या, गुलाबी गोळ्या त्याच पुरवायच्या. त्यांनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मावशींनी खिचडीत मीठ कधी दोनदा घातलं, कधी घातलंच नाही. मुलं गुपचूप खायची. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण त्या वाटेवरचं गाव आहे. मिश्री परत लावली नाही तर चट्टा मागं फिरेल, आणि मी दर काही महिन्यांनी बघत राहीन." मावशी खुर्चीत बसून रडल्या. मोठ्या बाई बाहेर जाऊन उसाच्या रसाच्या गाडीकडं बघत उभ्या राहिल्या. रस मात्र घेतला नाही.

गावात दरम्यान एक चमत्कार घडला होता. आबा आणि तात्या एका बैठकीला एका सतरंजीवर बसले. इतक्या वर्षांत कुणाच्या लग्नानं, मयतानं किंवा निवडणुकीनं जे जमलं नव्हतं ते एका वरवंट्यानं केलं. दोघांनी मिळून अर्ज दिला. वरच्या ऑफिसातून मोठ्या बाईंना नोटीस आली: उद्घाटनापूर्वी सार्वजनिक मालमत्तेचा अनधिकृत वापर केला, खुलासा करावा. मोठ्या बाईंनी एका ओळीत खुलासा केला. "मुलांच्या तोंडात घाण होती आणि नळात पाणी होतं." मी म्हटलं, जरा सविस्तर लिहा, मावशींचं लिहा. त्या म्हणाल्या, "मावशीचं तोंड तिचं हाय. सरकारला कशाला दाखवायचं?"

प्रशासकीय कारणास्तव त्यांची बदली झाली. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकडंच्या एका वस्तीवर. निरोपाला पालकांनी पेढे आणले होते. त्यांनी घेतले नाहीत. पेरूच्या फोडी वाटल्या आणि शेवटच्या दिवशीही रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत सगळ्यांचे दात पाहिले. ब्रशांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं दिली. वर गुंडाळून पडलेला नकाशा काढून भिंतीला लावायला सांगितलं, आणि स्कूटरवर बसून गेल्या.

उद्घाटन पुढं झालं. त्यासाठी आठवडाभर नळ बंद ठेवावे लागले, म्हणजे पाहुण्यांना ते सुरू करता यावेत. मंडप पडला, हलगी वाजली, दोघांचेही पाहुणे आले. एकानं फीत कापली, दुसऱ्यानं कापड ओढलं. दगड उघडा पडला तेव्हा मी पहिल्यांदा तो नीट वाचला. वरपासून खालपर्यंत नावं होती, माननीय, सन्माननीय, शुभहस्ते, विशेष सहकार्य. कशाचं उद्घाटन आहे, हे लिहायला मात्र जागा उरली नव्हती. मग दोन्ही पाहुण्यांनी एकत्र व्हॉल्व्हला हात घातला. त्या वेळी लाइट गेलेली, टाकीत पाणी चढलेलं नव्हतं. नळ नुसता खाकरला. फोटोवाल्यानं तरी फोटो काढला. मावशींनी स्वयंपाकघरातून तांब्या आणून पाहुण्यांच्या हातावर पाणी घातलं.

कार्यक्रम उरकल्यावर मी मोठ्या बाईंना फोन लावला. म्हटलं, सगळं सांगावं, त्यांना हसू येईल. दगडाचं सांगितलं, लाइटीचं सांगितलं, दोन पाहुण्यांनी एका व्हॉल्व्हला कसे हात घातले ते सांगितलं. त्या नुसतं हं, हं करत होत्या.

"मावशी काल बारामतीला जाऊन आली का?" त्यांनी विचारलं.

"आल्या. चट्टा निम्मा झालाय. डॉक्टरीणबाई खूश आहेत."

"गाल आतनं तू स्वतः बघितलास का तिनं सांगितलं?"

"मी बघितला."

"खालच्या हिरडीचं काय?"

मी सांगायला लागले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब, मागनं बोलू. हितं पोरं कधीची तोंडात पाणी धरून हुभी हाईत. मी थुंका म्हणल्याबिगर थुंकत न्हाईत." आणि त्यांनी फोन ठेवला.